दुहेरी पिकलबॉल : कोणी कोठे उभे राहावे?

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील क्रीडासंकुलांतून आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारांतून एक नवा खेळ दिसू लागला आहे. दोऱ्या नसलेली सपाट फळी हाती घेऊन चौघे जण छिद्रे असलेला प्लास्टिकचा हलका चेंडू बुटक्या जाळीवरून इकडून तिकडे मारीत असतात. या खेळाचे नाव पिकलबॉल. बाहेरून पाहणाऱ्यास तो बॅडमिंटन, टेनिस व टेबल टेनिस यांची खिचडी वाटतो आणि ते फारसे चुकीचेही नाही. मात्र बॅडमिंटनमध्ये मुरलेली एखादी जोडी प्रथमच या प्रांगणात उतरते तेव्हा एक गमतीचा प्रकार घडतो. हात बसलेला, नजर तयार, दमही भरपूर. तरीही साठीच्या घरातील एखादे दाम्पत्य फारशी धावपळ न करता त्यांना हरवून जाते. चेंडू अनोळखी होता म्हणून असे झाले, अशी पराभूत जोडी स्वतःची समजूत घालते. खरे कारण बहुधा वेगळे असते. ती जोडी चुकीच्या जागी उभी असते.

बॅडमिंटनच्या दुहेरीत आक्रमण करताना एक जण पुढे व दुसरा मागे अशी रचना केली जाते. मागचा उंच फूल खाली हाणतो, पुढचा जाळीजवळ उरलेले टिपतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने ही रचना अंगात भिनलेली असते. पिकलबॉलमध्ये हीच सवय घातक ठरते. येथे जोडीदारांनी एकमेकांच्या शेजारी, एका ओळीत राहावयाचे असते. पुढे जायचे तर दोघांनी, थांबायचे तर दोघांनी. असे का, हे समजण्यासाठी या खेळाचे प्रांगण आणि त्याचे दोन नियम नीट पाहणे अगत्याचे आहे.

प्रांगण जुनेच, रेषा नव्या

१९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिॲटल शहरानजीकच्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मास आला. जोएल प्रिचर्ड यांच्या घराच्या आवारात बॅडमिंटनचे जुने प्रांगण होते. पण खेळायला रॅकेटी मिळेनात. तेव्हा प्रिचर्ड व त्यांचे मित्र बिल बेल यांनी टेबल टेनिसच्या फळ्या आणि छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन कंटाळलेल्या मुलांसाठी काहीतरी जुळविले. बार्नी मॅकॅलम हे तिसरे मित्र पुढे त्यांना येऊन मिळाले आणि तिघांनी मिळून नियम बसविले. प्रथम जाळी बॅडमिंटनच्या उंचीची होती. चेंडू डांबरी जमिनीवर चांगला उसळतो हे ध्यानात आल्यावर ती ३६ इंचांपर्यंत खाली आणली गेली. खेळाच्या नावाबद्दल दोन कथा सांगतात. नौकाशर्यतीतील उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांच्या ‘पिकल बोट’वरून ते आले असे एक घराणे म्हणते, तर प्रिचर्ड यांच्या ‘पिकल्स’ नावाच्या कुत्र्यावरून ते पडले असे दुसरे. लोणच्याशी या खेळाचा काही संबंध नाही, एवढे मात्र खरे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याने त्याला आपला अधिकृत राज्यक्रीडाप्रकार म्हणून जाहीर केले.

भारतात हा खेळ रुजविण्याचे श्रेय मुंबईचे सुनील वालावलकर यांना दिले जाते. २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली आणि २०२५ मध्ये केंद्र शासनाच्या क्रीडा मंत्रालयाने भारतीय पिकलबॉल असोसिएशन या संस्थेस राष्ट्रीय क्रीडा महासंघाची मान्यता दिली. ज्या बॅडमिंटनच्या प्रांगणावर हा खेळ वाढला त्याचे आरंभीचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत आकारास आले होते, हा योगायोगही महाराष्ट्रातील वाचकांस सुखावणारा आहे.

शाळा व ग्रामपंचायतींच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पिकलबॉलचे प्रांगण बॅडमिंटनच्या दुहेरी प्रांगणाएवढेच, म्हणजे ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते. एकेरी असो वा दुहेरी, माप एकच. बॅडमिंटनच्या बाहेरच्या रेषा आहेत तशा वापरता येतात. फक्त जाळी खाली घ्यावी लागते : बाजूच्या रेषांवर ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच. मात्र एका बाबतीत गफलत होते. जाळीच्या दोन्ही अंगांना ७ फुटांवर एक आडवी रेषा लागते. बॅडमिंटनची आखूड सर्व्हिसची रेषा साडेसहा फुटांवर असते. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून पुष्कळ ठिकाणी तीच वापरून वेळ भागविली जाते. त्या सहा इंचांनी खेळ बिघडतो, म्हणून सहा इंच मागे खडूने वेगळी रेषा ओढून घ्यावी. जमीन सिमेंटची वा डांबरी हवी. मातीच्या अंगणात हा चेंडू पुरेसा उसळत नाही. शिवाय मागच्या रेषेबाहेर निदान ८ फूट व दोन्ही बाजूंना निदान ५ फूट मोकळी जागा असावी. बॅडमिंटनचे प्रांगण कधी कधी भिंतीला खेटून आखलेले असते. या खेळात दुहेरीतील दोन खेळाडू प्रत्येक डावाच्या आरंभी मागच्या रेषेपलीकडे उभे असतात, त्यामुळे तशी जागा धोक्याची ठरते.

जाळीपासून ७ फुटांचा हा पट्टा म्हणजेच खेळाडूंच्या बोलीतील ‘किचन’. या पट्ट्यात किंवा त्याच्या रेषेवर पाय असताना चेंडू हवेतल्या हवेत, म्हणजे टप्पा पडण्यापूर्वी, मारता येत नाही. पट्ट्यात जाण्यास बंदी नाही. तेथे टप्पा पडलेला चेंडू खुशाल आत जाऊन मारावा. परंतु हवेतला चेंडू बाहेर उभे राहून मारला आणि त्या झोकाने पाय आत पडला, तरीही तो फॉल्ट होतो. जाळीला चिकटून उभे राहून वरचेवर चेंडू खाली हाणण्याची सोय असू नये, हा या पट्ट्याचा हेतू आहे.

दुसरा नियम दोन टप्प्यांचा. सर्व्हिसचा चेंडू प्रतिपक्षाने टप्पा पडू देऊनच परतवावयाचा आणि तो परत आलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या पक्षाने टप्पा पडू देऊनच मारावयाचा. तिसऱ्या फटक्यानंतर हवेतले चेंडू मारण्यास मोकळीक. जागेचे सारे शास्त्र या एका नियमातून निघते.

सर्व्हिस करणारा मागे का राहतो?

टेनिसमध्ये सर्व्हिस हे शस्त्र असते. पिकलबॉलमध्ये ते तसे नाही. सर्व्हिस कमरेखालून, वरच्या दिशेने हात नेत करावी लागते आणि ती तिरप्या समोरच्या चौकात, किचनच्या पलीकडे पडली पाहिजे. ती करून झाल्यावर करणाऱ्या पक्षास परत येणाऱ्या चेंडूचा टप्पा पडेपर्यंत थांबावे लागते. तो चेंडू खोल येण्याची शक्यता असल्याने दोघांनाही मागच्या रेषेबाहेर एक-दोन पावलांवर उभे राहावे लागते. उलट सर्व्हिस घेणाऱ्या पक्षावर दुसऱ्या फटक्यानंतर असे काही बंधन नाही. त्यांच्यापैकी एक जण चेंडू परतवण्यासाठी मागे असतो, पण त्याचा जोडीदार आरंभापासूनच किचनच्या रेषेशी उभा राहू शकतो. म्हणजे डाव सुरू होतो तेव्हाच सर्व्हिस घेणारा पक्ष सुस्थितीत आणि सर्व्हिस करणारा पक्ष अडचणीत असतो. पारंपरिक गुणपद्धतीत गुण मात्र सर्व्हिस करणाऱ्यासच मिळतो. गुण मिळवावयाचा तर अडचणीतून वाट काढीत पुढे यावे लागते. हा या खेळाचा गाभा म्हणता येईल.

पुढे येण्याचा हा अट्टहास कशासाठी? किचनच्या रेषेशी उभा असलेला खेळाडू जाळीपासून ७ फुटांवर असतो. जाळीहून किंचित उंच आलेला चेंडू तो खालच्या दिशेने मारू शकतो आणि दोन्ही बाजूंना तिरपे फटके त्याच्या आवाक्यात असतात. मागच्या रेषेवरील खेळाडू जाळीपासून २२ फुटांवर असतो. तेथून मारलेला जोराचा चेंडू जाळी ओलांडताना वर चढत असतो आणि समोरचा तो आरामात खाली दाबतो. शिवाय मागे उभ्या असलेल्याच्या पायांशी चेंडू टाकणे सोपे असते. पायांशी आलेला चेंडू जाळीपेक्षा खालून उचलावा लागतो, आणि उचललेला चेंडू पुन्हा समोरच्याच्या हाती आयता जातो. हे चक्र एकदा सुरू झाले की ताकदीने तुटत नाही.

नवख्या जोड्यांत दोन चुका वारंवार दिसतात. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार बॅडमिंटनच्या सवयीने जाळीकडे पुढे जाऊन उभा राहतो. प्रतिपक्ष परतीचा चेंडू नेमका त्याच्याच पायांशी टाकतो. टप्प्याच्या नियमामुळे तो हवेत मारता येत नाही आणि मागे सरायला वेळ नसतो. दुसरी चूक याच्या उलट. सर्व्हिस घेणाऱ्याचा जोडीदार उगाच मागे थांबतो, जणू आपल्यावरच चेंडू येणार आहे. नियमाने त्या सर्व्हिसला त्याने हात लावावयाचा नसतो. त्याची जागा किचनच्या रेषेशीच.

परतीचा फटका मारणाऱ्याने ताकदीचा मोह आवरावा. त्याला मागच्या रेषेपासून किचनच्या रेषेपर्यंत १५ फूट जायचे असते. चेंडू सपाट व जोरात मारला तर तो तितक्याच झपाट्याने परत येतो आणि हा अर्ध्या वाटेतच सापडतो. उंचीवरून जाणारा, सावकाश, पण मागच्या रेषेजवळ पडणारा चेंडू त्याला चालत पुढे जाण्याइतका वेळ देतो. समोरच्या जोडीला तो मागे खिळवूनही ठेवतो. वयस्क खेळाडू तरुणांना हरवतात ते बहुधा या एका फटक्याच्या शहाणपणावर.

तिसरा फटका आणि मधले मैदान

आता पाळी सर्व्हिस करणाऱ्या जोडीची. समोरचे दोघे किचनच्या रेषेशी येऊन ठाकलेले, आपण दोघे मागे. येथे एक पर्याय म्हणजे जोराचा सपाट फटका. समोरची जोडी अजून पुढे येत असेल किंवा परतीचा चेंडू अर्ध्यावरच पडला असेल, तर तो उपयोगी पडतो. परंतु खरा मार्ग ‘ड्रॉप’चा आहे. चेंडू हळुवार उचलून असा टाकावयाचा की, त्याची सर्वांत जास्त उंची आपल्याच बाजूस व्हावी आणि जाळी ओलांडताना तो खाली उतरत समोरच्या किचनमध्ये पडावा. तेथे पडलेला चेंडू जाळीपेक्षा खालून मारावा लागत असल्याने समोरच्यास तो हाणता येत नाही, आणि तेवढ्या अवकाशात आपल्या जोडीस पुढे सरकता येते.

ड्रॉप मारला की डोळे मिटून धावत सुटावे असे मात्र नव्हे. चेंडू कसा पडतो हे पाहून पाऊल उचलावे. तो खाली व आखूड पडला तर दोघांनी पुढे व्हावे. तो उंच राहिला आणि समोरच्याने फळी वर उचललेली दिसली, तर आहे त्या जागी थांबून गुडघे वाकवून बचावास तयार राहावे. आणि समोरचा ज्या क्षणी चेंडू मारतो त्या क्षणी आपले दोन्ही पाय जमिनीवर स्थिर असले पाहिजेत. धावत्या अवस्थेत दिशा बदलता येत नाही. मागच्या रेषेपासून किचनपर्यंतचा प्रवास एका दमात होईल असे नाही. कधी तिसऱ्या फटक्यावर अर्धी वाट, पाचव्यावर उरलेली, असे टप्प्याटप्प्याने जावे लागते. या १५ फुटांच्या मधल्या मैदानात थांबणे वाईट असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. तेथे रेंगाळणे वाईट. पण चुकीच्या वेळी धावत सुटणे त्याहून वाईट.

या प्रवासात जोडीदाराला मागे टाकून एकट्याने पुढे जाऊ नये. एक जण किचनशी आणि दुसरा मागच्या रेषेवर राहिला, तर दोघांमधून तिरपी अशी मोठी वाट उघडी पडते, आणि समोरचा खेळाडू तेथूनच चेंडू मागच्याच्या पायांशी उतरवतो. आपल्याकडे शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका जुवाखालच्या बैलांपैकी एकाने ओढ घेतली आणि दुसरा मागे राहिला की तास वाकडे जाते.

मधला चेंडू कोणाचा?

चौघेही किचनच्या रेषेशी आले की समोरासमोरच्या खेळाडूंत अवघे १४ फूट अंतर उरते. येथे पाय रेषेच्या दोन-तीन इंच मागे, फळी छातीसमोर आणि वजन चवड्यांवर हवे. चेंडू हळुवारपणे एका किचनमधून दुसऱ्या किचनमध्ये टाकण्यास ‘डिंक’ म्हणतात. तो तिरपा टाकणे अधिक सुरक्षित असते. सरळ समोर टाकायचा तर दोन्ही किचन मिळून १४ फुटांचीच लांबी मिळते; कोपऱ्यातून कोपऱ्यात टाकल्यास ती २४ फुटांहून थोडी अधिक होते, आणि चेंडू जाळीच्या मध्यभागावरून जातो, जेथे ती दोन इंचांनी बुटकी असते.

प्रांगण २० फूट रुंद आहे, म्हणून प्रत्येकाने आपापले १० फूट सांभाळावे, असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात जोडीने चेंडूच्या मागे डावी-उजवीकडे एकत्र सरकावयाचे असते. चेंडू समोर आपल्या डाव्या बाजूच्या कोपऱ्याकडे गेला, की आपल्या डावीकडील खेळाडूने बाजूच्या रेषेजवळ सरकून सरळ येणारा चेंडू रोखावा, आणि उजवीकडील खेळाडूने त्याच अंतराने डावीकडे येऊन मध्य झाकावा. मग आपला उजवा कोपरा मोकळा पडतो, हे खरे. पण प्रतिपक्षाने तेथे मारावयाचे म्हटले तर त्याला सर्वांत लांबचा व सर्वांत अवघड तिरपा फटका मारावा लागतो, आणि त्याला लागणाऱ्या वेळात पोहोचण्याची संधी असते. सोपे फटके बंद करून अवघड फटका उघडा ठेवणे हाच येथे व्यवहार. तिन्ही बाजू झाकू पाहणारी जोडी एकही झाकू शकत नाही.

मध्यावरून आलेला चेंडू मात्र भांडणाचे मूळ ठरतो. तो बाजूच्या रेषेबाहेर जाण्याची भीती नसते, जाळी तेथे खाली असते, आणि दोघांपैकी कोणी घ्यावा याचा घोळ होतो. म्हणून जाणते प्रतिस्पर्धी तोच मारतात. दोघेही एकदम फळी घालतात किंवा दोघेही एकमेकांकडे पाहत राहतात. याबाबत दोन संकेत रूढ आहेत. पहिला असा की, ज्याचा फोरहँड मध्यभागी येतो त्याने तो घ्यावा. दोघेही उजव्या हाताचे असतील तर हा मान डावीकडच्याचा. दुसरा संकेत चेंडूच्या जागेवरून ठरतो : चेंडू ज्याच्या सरळ समोर आहे त्याने बाजूची रेषा राखावी आणि तिरप्या समोरच्याने मध्य घ्यावा. हे दोन्ही संकेत कधी कधी एकमेकांविरुद्ध जातात. वेगवान खेळात दुसरा अधिक उपयोगी, कारण त्यात प्रत्येकाचे काम चेंडूच्या जागेवरून आपोआप ठरते. परंतु कोणता पाळावयाचा हे खेळापूर्वी दोघांनी बोलून ठरवलेले असणे हे संकेताच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे. खेळताना ‘माझा’, ‘तुझा’, ‘सोड’ हे तीन शब्द मोठ्याने उच्चारण्याचा संकोच बाळगू नये. जोडीदार वडीलधारा असेल तर ‘तुझा’ म्हणताना जीभ अडखळते. अशा वेळी ‘घ्या’ म्हणावे, पण म्हणावे.

जागांची अदलाबदल

पारंपरिक पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या पक्षाने गुण मिळवला की तो पक्ष डावी-उजवी जागा बदलतो. सर्व्हिस घेणारा पक्ष बदलत नाही. त्यामुळे एखाद्या पक्षाचे गुण सम असतील तेव्हा ज्याने सामन्यात उजवीकडून आरंभ केला तो उजवीकडे, आणि विषम असतील तेव्हा डावीकडे असावयास हवा. कोणाची जागा चुकली हे यावरून क्षणात ताडता येते.

परंतु नियमाने जागा बांधलेली असते ती सर्व्हिस करणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. त्यांचे जोडीदार कोठेही, अगदी प्रांगणाच्या बाहेरही उभे राहू शकतात. या सवलतीचा लाभ घेऊन काही जोड्या ‘स्टॅकिंग’ करतात. समजा, एक जण डावखुरा व दुसरा उजव्या हाताचा आहे. डावखुरा उजवीकडे आणि दुसरा डावीकडे राहिला तर दोघांचेही फोरहँड मध्यभागी येतात. गुणांच्या हिशेबाने डावखुऱ्यास डावीकडून सर्व्हिस करावी लागली, तर त्याचा जोडीदार त्याच्याही डावीकडे, बाजूच्या रेषेशी उभा राहतो. सर्व्हिस होताच डावखुरा उजवीकडे सरकतो. सर्व्हिस घेतानाही असेच करता येते, पण तेव्हा परतीचा फटका मारून तिरपे पुढे धावावे लागते आणि ते अंतर थोडे नसते. या खटाटोपात जोड्या गुणसंख्या विसरतात आणि चुकीचा माणूस सर्व्हिस करून मोकळा होतो. तो फॉल्ट असतो. शालेय वा हौशी खेळाडूंनी पहिली काही वर्षे या फंदात पडू नये हे बरे. दोघांना सरळ उभे राहून एकत्र सरकता येऊ लागले, की मग अदलाबदलीला अर्थ येतो.

स्त्री-पुरुषांच्या मिश्र जोडीत किंवा वडील-मुलाच्या जोडीत एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. प्रतिपक्ष सारे चेंडू तुलनेने कच्च्या खेळाडूकडे टाकू लागतो आणि पक्का खेळाडू बेचैन होऊन त्याच्या हद्दीत शिरतो. पाहता पाहता तो प्रांगणाचा तीन चतुर्थांश भाग व्यापतो आणि त्याची पत्नी, बहीण वा आई बाजूच्या अरुंद पट्टीत बाहुल्यासारखी उभी राहते. यात सौजन्य नाही हे तर खरेच, पण लाभही नाही. मध्य ओलांडून आलेला खेळाडू आपली बाजू उघडी टाकतो आणि पुढचाच चेंडू तेथे जातो. शिवाय ज्याला चेंडू मिळतच नाही त्याचा हात बसणार कसा? पक्क्या खेळाडूने अर्धे पाऊल मध्याकडे सरकून मधले चेंडू घ्यावेत; जोडीदाराच्या समोर सरळ आलेला चेंडू मात्र जोडीदाराचाच. वय, बळ व उंची यांत अंतर असलेल्यांना एका जाळीशी बरोबरीने उभे राहता येते, हेच तर या खेळाचे वेगळेपण आहे.

डोक्यावरून गेलेला चेंडू

दोघे जाळीपाशी आले की प्रतिपक्ष कधी तरी चेंडू उंच उडवून त्यांच्या डोक्यांवरून मागे टाकतो. या एका प्रसंगी जागेचा प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही. चेंडूकडे तोंड वर करून उलट्या पावलांनी मागे धावणे ही स्वाभाविक प्रवृत्ती आहे, आणि पाठीवर किंवा टेकलेल्या मनगटावर पडण्याचा सर्वांत मोठा धोका तिच्यातच आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे सिमेंटवर पडणे म्हणजे कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये. म्हणून प्रथम अंग वळवावे, चेंडूकडे पाठ वा खांदा करून समोर पाहत धावावे, आणि चेंडूला वळसा घालून त्याच्या मागे जावे. तो स्वतःच्या डोक्यावरून गेला असेल तर बहुधा जोडीदारालाच तिरपे धावून तो घेणे सोयीचे पडते. त्याने ‘माझा’ म्हणताच पहिल्याने रिकाम्या झालेल्या बाजूस जावे आणि मग दोघांनीही मागे येऊन पुन्हा एका ओळीत उभे राहावे. ओलसर जमीन असेल, किंवा मागची भिंत जवळ असेल, तर तो चेंडू जाऊ द्यावा. एका गुणाची किंमत तेवढी नसते.

क्रीडाशिक्षकांना हे सारे शिकविण्यासाठी फारशा साहित्याची गरज नाही. दोन मुलांना किचनच्या रेषेमागे शेजारी उभे करावे आणि सुमारे दहा फूट लांबीची सैल दोरी दोघांच्या हातांत धरायला द्यावी. कमरेला ती बांधू नये. पडल्यास हात सुटला पाहिजे. शिक्षकाने जाळीपलीकडे चेंडू हाती धरून डावीकडे-उजवीकडे सावकाश चालावे आणि मुलांनी दोरी ताणू न देता व जमिनीला टेकू न देता त्याच्याबरोबर सरकावे. शिक्षकाने चेंडू डोक्यावर नेला की दोघांनी आहे तेथे थांबून गुडघे वाकवावेत. खाली आणला की पुढे यावे. मागच्या रेषेपासून किचनपर्यंत असेच थांबत, पाहत यावयास लावावे. अशा पंधरा मिनिटांच्या सरावात चेंडू एकदाही मारला जात नाही.